कायदा वजन विचारतो, डॉक्टर वय विचारतात

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाण्याचा टँकर आणि पार्किंग सोडून सहसा तिसरा विषय नसतो. मध्यंतरी कुणीतरी मुंबई विमानतळावरची बातमी टाकली. बँकॉकहून आलेला प्रवासी, बॅगेत खाऊच्या पाकिटांत दडवलेला 'हायड्रोपोनिक गांजा', किंमत काही कोटी. अशा बातम्या आता इतक्या नेहमीच्या झाल्यात की कुणी पूर्ण वाचतही नाही. पण त्या दिवशी बी विंगमधल्या एका काकांनी लिहिलं, "शंकराचा प्रसाद आहे तो, इंग्रजांनी बदनाम केला." लगेच एका निवृत्त बाईंचं उत्तर आलं, "आमच्या नात्यातला मुलगा हॉस्टेलवर हेच ओढून भ्रमिष्ट झाला, उगाच कौतुक नको." तिसऱ्यांनी कॅनडातल्या भाच्याचा दाखला दिला. तिकडे म्हणे दुकानात मिळतो, बिलासकट. अर्ध्या तासात ग्रुपचे तट पडले आणि अॅडमिनने कुलूप लावलं.

गंमत अशी, की तिघंही थोडं थोडं खरं बोलत होते. 'गांजा' हा शब्द एकच असला तरी तिघांच्या डोळ्यांसमोरची वस्तू वेगळी होती, ओढणारा माणूसही वेगळा होता. वाद इथेच फसतो. आणि आपला कायदाही इथेच फसलाय, असं माझं मत आहे. पण मतावर नंतर येऊ, आधी झाडापासून सुरुवात करू.

एक झाड, तीन नावं

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपं. पानं वाटून भांग होते. मादी झाडाचा फुलोरा वाळवला की गांजा. आणि त्या फुलोऱ्यावर जो चिकट राळेसारखा द्रव असतो, तो वेगळा काढला की चरस. हिमाचलात उभ्या झाडाचे शेंडे तळहातांत चोळतात, हाताला काळपट थर चढतो, तो खरवडून गोळ्या वळतात. फुलोरा भिंगाखाली धरला तर राळेने भरलेले अगदी बारीक केस दिसतात, दवबिंदू बसल्यासारखे. नशा मुख्यतः त्यांच्यात असते. म्हणून पानात कमी, फुलात जास्त आणि राळेत सगळ्यात जास्त.

या राळेत शंभराहून अधिक रसायनं असतात. आपल्याला त्यांतली दोनच लक्षात ठेवायची आहेत. टीएचसी म्हणजे नशा आणणारं रसायन. सीबीडी नशा आणत नाही, आणि काही प्रयोगांत ते टीएचसीला थोडा लगाम घालताना दिसलंय. जुन्या काळच्या झाडांत ही दोन्ही असायची. बाजाराला नशा हवी होती, म्हणून वर्षानुवर्षं निवडून निवडून अशी वाणं काढली गेली की टीएचसी वाढत गेलं आणि सीबीडी जवळपास नाहीसं झालं. अमेरिकेत पकडलेल्या मालाच्या चाचण्यांत १९९५च्या सुमाराला टीएचसी ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. आज तिथल्या दुकानांत २० टक्क्यांचं फूल सहज मिळतं. अर्काचं तर विचारूच नका, त्यात ६० ते ८० टक्के असतं.

बातमीतला 'हायड्रोपोनिक' शब्द इथे बसतो. मातीऐवजी पोषक पाण्यात, बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात, नर झाडं जवळ फिरकूही न देता वाढवलेला हा फुलोरा. बी धरता येत नाही म्हणून मादी झाड राळ तयार करत राहतं. काकांच्या डोक्यातली भांगेची गोळी आणि बॅगेतलं हे फूल यांना एकाच नावाने हाक मारणं म्हणजे ताडीला आणि रमला दोघींनाही 'दारू' म्हणून सारखंच मापणं.

डोक्यात होतं काय?

१९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी वेगळं करून दाखवलं. पुढे प्रश्न पडला की एका झाडाच्या रसायनाला बसेल असं कुलूप आपल्या मेंदूत आधीपासून का आहे? उत्तर १९९२ मध्ये मिळालं. आपलं शरीर स्वतःच तसं एक रसायन बनवतं. मेशुलम यांच्या प्रयोगशाळेने त्याला नाव दिलं 'आनंदामाइड', आपल्या 'आनंद' शब्दावरून.

हे आनंदामाइड करतं काय? शेताला पाणी देणारा कुणी ओळखीचा असेल तर हे लगेच कळेल. एक जण विहिरीवर मोटारीजवळ उभा, दुसरा शेताच्या टोकाला. सरी भरली की टोकावरचा ओरडतो, "पुरे! बंद कर!" मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत निरोप पाठवत असतात, आणि निरोप घेणारी पेशी आनंदामाइडसारख्या रसायनाच्या हाती उलटा सांगावा धाडते, "पुरे, आता जरा दमानं." हा आवाज नेमक्या सरीला, नेमक्या क्षणी आणि क्षणभरच असतो.

टीएचसी म्हणजे बांधावर आलेला तिसराच माणूस. तो अख्ख्या शिवारात फिरत काही तास "बंद कर, बंद कर" ओरडत राहतो. कुठे पाणी पोचतच नाही, कुठे पाट फुटतो. वेळेचं भान सुटतं, हसू आवरत नाही, भूक खवळते. कधी कधी छातीत धडधडतं आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटायला लागतं. बहुतेकांचं हे काही तासांत उतरतं.

ओढलं तर मिनिटांत चढतं. पोटातून घेतलं तर आधी यकृतातून जातं, तिथे त्याचं आणखी जोरदार रूप तयार होतं आणि परिणाम दिसायला तास-दोन तास लागतात. होळीला माझ्या एका मित्राने "काहीच होत नाहीये" म्हणत थंडाईचा दुसरा ग्लास मारला होता. दीडेक तासाने दोन्ही ग्लास एकदम आले. पुढचा पूर्ण वेळ तो पलंगाची कड घट्ट धरून बसला होता आणि दर पाच मिनिटांनी विचारत होता, "मी श्वास घेतोय ना रे?"

आता वयाचा मुद्दा. मेंदूची बांधणी पंचविशीपर्यंत चालू असते. विशेषतः विचार, निर्णय, संयम यांचा पुढचा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. कोणते पाट ठेवायचे, कोणते बुजवायचे हे याच वर्षांत ठरतं आणि त्या कामात आनंदामाइडच्या यंत्रणेचाही हात असतो. शिवार आखलेलं असताना कुणी आरडाओरडा केला तर एका दिवसाचं पाणी चुकतं. शिवार आखलं जात असताना केला तर बांधच वाकडे पडतात.

गांजाने वेड लागतं का?

हा प्रश्न आजचा नाही. ब्रिटिश संसदेत १८९३ साली तो विचारला गेला आणि सरकारने आयोग नेमला. 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'ने देशभर फिरून अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये जाडजूड खंडांचा अहवाल दिला. त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग तर मुळातून वाचावा असा आहे.

इस्पितळांच्या नोंदवह्या सांगत होत्या की अमुक इतके लोक गांजाने वेडे झाले. आयोगाने विचारलं, हे ठरवलं कुणी? उलगडा असा झाला की माणूस भरती करताना एक फॉर्म भरावा लागे आणि त्यात 'आजाराचं कारण' असा रकाना होता. भरायला बहुतेक वेळा पोलीस. नातेवाईक सापडत नाहीत, माणूस रस्त्यावर भेटलेला, आणि रकाना मोकळा सोडला तर साहेब ओरडणार. मग लिहा 'गांजा'. इस्पितळाने तेच वहीत उतरवलं, वहीवरून तक्ते झाले, तक्त्यांवरून धोरणाची चर्चा. आयोगाने १८९२ सालची गांजाच्या नावावर टाकलेली २२२ प्रकरणं एकेक करून पुन्हा तपासली. त्यांतल्या निम्म्याहून कमी प्रकरणांत संबंध जोडायला काही आधार सापडला. अहवालाचा सूर असा होता की बेताने घेणाऱ्यांना सहसा अपाय नाही, अतिरेक घातक, मनाने आधीच कमजोर असणाऱ्यांना जास्त. त्यामुळे पूर्ण बंदी नको, कर आणि परवाने ठेवा.

काकांच्या बाजूचे लोक हा अहवाल नेहमी पुढे करतात. एवढंच, की आयोगाने जे नाकारलं ते नोंदवहीतलं आळशी कारण. धोका नाहीच, असं त्याने म्हटलेलं नाही.

नीट मोजमाप व्हायला पुढे नव्वदेक वर्षं लागली. पण आधी दोन शब्द समजून घेऊ. सायकोसिस म्हणजे खरं काय आणि मनातलं काय यांतला फरक पुसला जाणं. नसलेले आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी समजूत घट्ट बसते. ही अवस्था तात्पुरतीही असू शकते. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा दीर्घकाळचा आजार. त्यात हे तर असतंच, शिवाय माणूस हळूहळू आतून विझत जातो. शिक्षण सुटतं, आंघोळ सुटते, बोलणं सुटतं.

१९८७ मध्ये स्वीडनमधला अभ्यास आला. सक्तीच्या लष्करी भरतीसाठी आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांना पंधरा वर्षं नोंदींमधून पाहिलं गेलं. भरतीच्या वयापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत छिन्नमनस्कतेचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात एका वर्षी जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. त्यांत पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकी सव्विशीत सुमारे १० टक्क्यांना छिन्नमनस्कतेच्या जातीचा आजार दिसला, इतरांत ३ टक्क्यांना. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणी पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या ९०१ रुग्णांची तुलना निरोगी लोकांशी केली. रोज घेणाऱ्यांत धोका तिप्पट, आणि १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला माल रोज घेणाऱ्यांत जवळपास पाचपट.

तीन अभ्यास, अनेक देश, बोट एकाच दिशेला: लवकर सुरुवात, रोजची सवय, जहाल माल.

"पण आमचे बाबा चाळीस वर्षं चिलीम ओढताहेत!"

ओढत असतील. इथे आकडे उलटे करून पाहावे लागतात. छिन्नमनस्कता आयुष्यात कधीतरी होणारे लोक ढोबळमानाने शंभरात एक, किंवा थोडे कमीच. म्हणजे हजार तरुणांत दहा धरा. जड सवय असलेल्यांत धोका चौपट मानला तर हजारात चाळीस. उरलेले नऊशे साठ जण तुम्हाला भेटणार आणि सांगणार की मला काही झालं नाही. ते खोटं बोलत नाहीत. पण जास्तीचे तीस जण कट्ट्यावर भेटत नाहीत. ते घरात खिडकी बंद करून बसलेले असतात.

घाटातली दरड आठवा. पाऊस अख्ख्या डोंगरावर पडतो, दरड ठरावीक ठिकाणी कोसळते. जिथे उतार आधीच खचलेला, माती सुटलेली, तिथे. उतार म्हणजे घराण्यातून आलेली आजाराची ओढ, लहानपणीचे आघात, तुटलेपण. गांजा म्हणजे पाऊस. भुरभुर पावसाने पक्का उतार ढळत नाही, कच्चा उतार सलग चार दिवसांच्या झोडपण्याने ढळू शकतो. आणि काही दरडी पावसाशिवायही कोसळतात. घरात गांजाचा वासही न शिरता छिन्नमनस्कता झालेली माणसं कितीतरी जास्त आहेत, त्यांच्या आईवडिलांना उगाच संशयाने पाहू नये.

"मुलं आधीच आजारी असतात, म्हणून ओढतात"

हा आक्षेप वजनदार आहे. आजाराची चाहूल दोन-तीन वर्षं आधी लागते. झोप उडते, बेचैनी वाढते, मित्र तुटतात, आणि त्यावर उतारा म्हणून मुलगा गांजाकडे वळतो. मग गांजा आजाराचं कारण की लक्षण? ज्यांच्या जनुकांत छिन्नमनस्कतेचा कल जास्त, त्यांचा गांजाकडे ओढाही थोडा जास्त असतो, हेही अभ्यासांत दिसलंय. म्हणजे बाण दोन्हीकडून आहे.

तरी गांजाकडून आजाराकडे जाणारा बाण एवढ्याने पुसला जात नाही. ड्युनेडिनमध्ये मुलांची अकराव्या वर्षी तपासणी झालेली होती. तेव्हाची लक्षणं हिशेबात धरल्यावर संबंध सौम्य झाला, पण पूर्ण मावळला नाही. येल विद्यापीठात निरोगी लोकांना शिरेतून टीएचसी दिलं तर त्यांच्यात काही वेळापुरते संशय-भ्रम दिसले. आणि डेन्मार्कच्या नोंदींत, गांजामुळे सायकोसिस होऊन रुग्णालयात आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे छिन्नमनस्कता किंवा बायपोलर आजाराचं निदान झालं. त्या पहिल्या झटक्याला "चढली होती, उतरली" म्हणून सोडून देणं महागात पडतं. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट फ्रिजवर चिकटवायची असेल तर ही.

"नैसर्गिक आहे, देवाला वाहतात"

धोतराही महादेवाला वाहतात. खाऊन बघत नाही कुणी.

"मग दारू का चालते?"

हा मात्र खरा चिमटा आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १६ कोटी लोक दारू घेणारे निघाले. भांग, गांजा किंवा चरस वर्षभरात घेतलेले ३ कोटी १० लाख, त्यांतही भांगवाले जास्त. गांजा-भांगेच्या सवयीपायी मदतीची गरज असलेले ७२ लाख. एकूण नुकसानीचा ताळेबंद मांडला तर दारू कितीतरी पुढे जाईल, यात शंका नाही. कायदे अपाय मोजून केलेले नसतात. त्यांत इतिहास, महसूल आणि परदेशी दबाव मिसळलेला असतो. पण दारूला मोकळं सोडून जे झालं, ते गांजाला मोकळं सोडण्याच्या बाजूचं प्रशस्तिपत्रकही नाही.

कायदा नेमकं काय म्हणतो

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा कडक यादीत गेला. भारताने आपल्या परंपरेकडे बोट दाखवून पंचवीस वर्षांची मुदत मागून घेतली. ती संपत आली तेव्हा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा केंद्राचा कायदा झाला, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू. त्याआधी अनेक राज्यांत परवान्याची गांजाची दुकानं होती.

या कायद्याने चरस म्हणजे राळ आणि गांजा म्हणजे फुलोरा अशी व्याख्या केली. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया वगळल्या. म्हणून भांग केंद्राच्या कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या हाती गेली. राजस्थान, उत्तर प्रदेशात तिची सरकारमान्य दुकानं दिसतात. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, होळीला कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ती 'अल्प मात्रा', एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर 'व्यावसायिक मात्रा', किमान दहा आणि कमाल वीस वर्षं. शिवाय आरोपी दोषी नसावा असं न्यायाधीशाला सकृद्दर्शनी पटल्याशिवाय जामीन नाही. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. नुसतं ओढताना सापडलात तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे कपाशीत किंवा मक्यात लपवलेली गांजाची शेती सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. पोलीस उपटलेली ओली झाडं तोलतात, पंचनाम्यात किलो लिहिले जातात आणि कोर्टात वकील विचारतो, यात फुलोरा किती, पाला किती, देठ किती? व्याख्येत पाला नाही. या एका मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयासह ठिकठिकाणी जामिनाची भांडणं झाली आहेत.

दोन तराजू

आता मत सांगतो. मनोविकारतज्ज्ञासमोर बसलात तर तो चार गोष्टी विचारेल. वय किती होतं सुरुवातीला? रोज घेतो का? माल कसला? घरात कुणाला असा आजार होता का? हवालदार एकच विचारतो, किती ग्रॅम?

अर्ध्या ग्रॅमचा एक जॉइंट, म्हणजे गांजाची सिगारेट, धरला तर एक किलोत दोन हजार जॉइंट होतात. कॉलेजच्या पोराच्या खिशातला एक आणि पिशवीतले एकोणीसशे नव्याण्णव, दोन्ही 'अल्प'च. वीस टक्क्यांचं हायड्रो फूल आणि बिया-काड्यांनी भरलेला मिळमिळीत माल, कायद्याला दोन्ही सारखेच. टीएचसी किती, हा प्रश्न गांजाच्या शिक्षेत येतच नाही. सोळा वर्षांच्या मुलासाठी पहिली वस्तू कितीतरी घातक आहे, पण तराजूचा काटा ते दाखवत नाही.

आणि पकडले कोण जातात? मुंबईतल्या न्यायालयांमधल्या २०१७ आणि २०१८ च्या प्रकरणांचा एका कायदा-अभ्यास संस्थेने धांडोळा घेतला, तेव्हा सुमारे ८७ टक्के प्रकरणं गांजा-चरसाची होती, आणि जवळजवळ सगळी स्वतःच्या सेवनाची. गंमत म्हणा की शोकांतिका, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने नशेच्या सवयीतून येणाऱ्या मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येत घेतलंय. एकाच मुलाला एक कायदा रुग्ण म्हणतो, दुसरा आरोपी.

मोकळं केलं तर?

इथे दोन शब्दांची गल्लत होते. गुन्हा काढून टाकणं म्हणजे जवळ बाळगल्याबद्दल तुरुंग नाही, पण विक्री बेकायदाच. पोर्तुगालने २००१ मध्ये हे केलं. तिथे थोड्या मालासह सापडलेला माणूस कोर्टाऐवजी समुपदेशक आणि कायदेतज्ज्ञांच्या समितीपुढे जातो. वैध करणं म्हणजे दुकान, कर, जाहिरात, सगळा बाजार. उरुग्वे २०१३, कॅनडा ऑक्टोबर २०१८.

कॅनडातल्या भाच्याच्या बिलाची दुसरी बाजू ऑन्टारिओत दिसते. तिथल्या आरोग्य नोंदींवरच्या मोठ्या अभ्यासात, छिन्नमनस्कतेच्या नव्या रुग्णांपैकी गांजाच्या विकाराशी जोडता येणारा वाटा वैधतेआधीच्या सुमारे ३.७ टक्क्यांवरून नंतर १०.३ टक्क्यांवर गेला. पण छिन्नमनस्कतेचं एकूण प्रमाण मात्र त्या काळात फारसं हललं नाही. दोन्ही बाजूंनी या अभ्यासातलं आपल्याला हवं तेवढं वाक्य उचललंय. पूर्ण वाचणाऱ्याला एवढंच म्हणता येतं की सावध राहावं, ढोल कुणीच वाजवू नयेत.

थायलंडचं उदाहरण आपल्या जवळचं. जून २०२२ मध्ये गांजा यादीतून काढला, नियम मात्र तयारच नव्हते. गल्लोगल्ली दुकानं उघडली, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. आपल्या विमानतळावरच्या बॅगा याच काळात फुगल्या.

जर्मनीचा प्रयोग मला त्यातल्या त्यात विचारी वाटतो. एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅमपर्यंत जवळ ठेवता येतो, पण दुकानं नाहीत, सभासदांचे क्लब आहेत. आणि १८ ते २१ वयाच्या सभासदाला महिन्याला ३० ग्रॅमच, तेही १० टक्क्यांच्या आतल्या टीएचसीचं. निदान कागदावर तरी वय आणि जहालपणा मोजणारा तराजू तिथे आलाय. काळा बाजार त्याने हटेल का, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे हालचाल आहे ती बाजूबाजूने. उत्तराखंडने २०१८ पासून जवळपास नशारहित औद्योगिक भांगेला वाट दिली, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत. हिमाचल त्याच मार्गावर आहे. गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी लागवडीचा प्रस्ताव निघाला आणि गदारोळात गुंडाळला गेला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचं मतदान २७ विरुद्ध २५ असं झालं, तेव्हा भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. घरी मात्र तराजू १९८५चाच.

मला विचाराल तर खिशातल्या एका जॉइंटसाठी तुरुंग नको. दुकानंही नकोत. वीस टक्क्यांचा माल अल्पवयीन मुलांना विकणाऱ्याला मात्र वजन न बघता धरा.

घरात कुणी ओढत असेल तर

ग्रुपवर वाद झाला त्या दिवशी एक शेजारी गप्पच होते. दोन दिवसांनी लिफ्टपाशी थांबवून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "डॉक्टरकडे नेलं तर पोलीस केस होते का हो?"

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरवर आहे. एनडीपीएसमध्येच कलम ६४अ आहे: सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, मात्र उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

मुलगा वीस वर्षांचा. रात्रभर जागतो, जेवणाचं ताट खोलीत नेतो, आणि हल्ली म्हणतो की समोरच्या बिल्डिंगमधले लोक त्याचा मोबाईल ऐकतात. किती दिवस? "दिवाळीपासून." मी म्हटलं, गांजाचं भांडण नंतर करा, आधी या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. ओरडू नका, पोलिसांची धमकी तर अजिबात नको, त्याला आधीच सगळे आपल्या मागावर आहेत असं वाटतंय.

त्यांनी नंबर मोबाईलमध्ये घातला. नावाच्या जागी टाइप केलं, 'प्लंबर २'.